मोटर फिरते, पण पाणी का चढत नाही?

प्रश्न : ५ एचपीची तीन फेज सबमर्सिबल मोटर बॅटरीशिवाय, थेट सौर पॅनेलवर चालवतो. दुपारी पाणी छान पडतं. सकाळी मात्र मोटर फिरल्याचा आवाज येतो, कंट्रोलरवर ३०-३२ हर्ट्झ दिसतात आणि पाइपातून थेंबही पडत नाही. पंप गेला का?

उत्तर : पंप शाबूत आहे. ऊन कमी असताना कंट्रोलर मोटरचा वेग, म्हणजे हर्ट्झ, उतरवतो, आणि सेंट्रिफ्यूगल (पाणी गरगर फिरवून वर फेकणाऱ्या) पंपात वेग थोडा उतरला की पाणी चढवण्याची ताकद त्याहून बरीच जास्त उतरते. वेग ८० टक्के झाला तर उंची ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्केच मिळते. समजा, व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना तुमचा पंप ५० हर्ट्झला ६० मीटर उंचीइतका दाब देतो. ४० हर्ट्झला तो ३८ मीटर देईल, ३० हर्ट्झला जेमतेम २१-२२. बोअरमधल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत ३५ मीटर असतील, तर साधारण ३८ हर्ट्झच्या खाली पाणी वर यायचा प्रश्नच नाही. ते पंपातल्या पंपात घुसळत राहतं.

हे घुसळणं निरुपद्रवी नाही. सबमर्सिबल मोटर अंगावरून वाहणाऱ्या पाण्याने थंड होते. वाहणंच थांबलं की पाणी तापतं, मग सील आणि बेअरिंग मार खातात. रोज तास-दीड तास असं चाललं तर मोटर लवकर रिवाइंडिंगला जाते आणि खापर पॅनेलवर फुटतं.

उपाय कंट्रोलरमध्येच आहे. निरभ्र सकाळी पाइपाच्या तोंडाशी एक माणूस उभा करा, दुसरा डिस्प्लेसमोर. पहिली धार पडली त्या क्षणाचा हर्ट्झचा आकडा टिपा. त्यात २ मिळवून तो ‘किमान फ्रिक्वेन्सी’ म्हणून भरा आणि त्याखाली गेल्यास मोटर बंद होऊन १० मिनिटांनी पुन्हा सुरू होईल असं सेटिंग करा. ही मोजणी पाण्याची पातळी सर्वांत खोल असते त्या दिवसांत करा. भरल्या बोअरवर घेतलेला आकडा पुढे फसवतो.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, ५५० वॅटची ९ पॅनेलं लावली की ५ किलोवॅट झाले, ५ एचपीला पुष्कळ. बरोबर आहे का?

उत्तर : वॅटचं गणित बरोबर आहे, फक्त त्यात मोटरला विचारलेलं नाही. ४०० व्होल्टच्या मोटरला पूर्ण वेगाने फिरवायचं तर ड्राइव्हला (पॅनेलची वीज मोटरला पुरवणाऱ्या त्याच कंट्रोलरला) डीसी, म्हणजे पॅनेलच्या, बाजूने ४०० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ५६६ व्होल्ट हवेत. ५५० वॅटचं पॅनेल काम करताना ४२ व्होल्टच्या आसपास देतं. ९ पॅनेलं सीरिजमध्ये जोडली तर ३७८. एवढ्यावर मोटर ३३ हर्ट्झच्या वर जाऊच शकत नाही, ऊन कितीही कडक असो. वरच्या पत्रातली सकाळ तुमच्याकडे दिवसभर राहील! व्होल्टेज वाढवणारा बूस्ट भाग आत असलेला ड्राइव्ह असेल तरच ९ वर भागेल.

म्हणून आधी व्होल्ट जुळवा, मग वॅट. ३३५ वॅटची पॅनेलं घेतली तर प्रत्येकी ३८ व्होल्टने १५ पॅनेलं ५७० व्होल्ट देतात. कागदावर जमलं. पण हा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. दुपारी पॅनेलमधला सेल ६०-६५ अंशांवर जातो आणि दर अंशामागे व्होल्टेज साधारण ०.३५ टक्के घसरतं. ५७० चे ४९५ होतात. मग १८ लावावीत? तिथे उलट अडचण येते. थंडीच्या पहाटे, मोटर बंद असताना, ३८ व्होल्टचं तेच पॅनेल ४६ च्याही वर जातं. ५ अंशांना १८ पॅनेलं ८७५ व्होल्टला पोहोचतात आणि ड्राइव्हची मर्यादा ८०० असेल तर तो पहिल्याच थंडीत जळतो. १६ पॅनेलं मात्र उन्हात ५३० च्या आसपास टिकतात आणि थंडीत ७८० वर थांबतात. दुपारी ५० ऐवजी ४६-४७ हर्ट्झ मिळतील, तेवढं सोसावं. पंप निवडतानाच तो ४५ हर्ट्झला हवी ती उंची गाठेल असा घ्या.

पुढे सकाळ-संध्याकाळचं पाणी वाढवायचं असेल, तर १६ चीच दुसरी रांग पॅरलल जोडा. तिची संख्या कमी-जास्त करू नका.

प्रश्न : घरच्या २ केव्हीए इन्व्हर्टरवर दिवे, पंखे, फ्रिज चालतात. १ एचपीची सिंगल फेज मोटर लावली की तो ट्रिप होतो.

उत्तर : ती मोटर चालताना हजार-बाराशे वॅट घेते, पण सुटताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. २ केव्हीएचा इन्व्हर्टर तिथे मान टाकतो. एक गोष्ट मात्र आधी तपासा : मोटरचा कपॅसिटर. लाइन बंद करा, कपॅसिटर डिस्चार्ज करा, मगच हात लावा. तो फुगला असेल किंवा त्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा मीटरवर १० टक्क्यांहून जास्त कमी भरत असेल तर बदला. लांब, बारीक वायरही मोटरला सुटू देत नाही. हे सगळं ठीक असेल तर ५ केव्हीए किंवा मोटर सुरू करण्याची क्षमता लिहून देणारा इन्व्हर्टर घ्या.

प्रश्न : छतावर पॅनेल आहेत, ऊन लख्ख आहे, तरी लाइट गेली की घर अंधारात. असं का?

उत्तर : बॅटरी नसलेला, ग्रिडशी (वीज कंपनीच्या लाइनशी) जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की मुद्दाम बंद होतो. नाहीतर तुमची वीज तारांवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला शॉक बसेल. लाइट नसतानाही वीज हवी असेल तर हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

प्रश्न : पॅनेलच्या वायरीचे कनेक्टर दोनदा वितळले. करंट तर १०-१२ अँपिअरच आहे.

उत्तर : करंटचा दोष नाही, जोडाचा आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, ‘टक’ आवाजही येतो, पण आतली पिन घट्ट बसत नाही. सैल जागा तापते आणि प्लॅस्टिक वितळतं. पिन साध्या पक्कडीने दाबली असेल तरी तेच होतं. त्यासाठी क्रिंपिंगची (पिन वायरीवर दाबून बसवायची) वेगळी पक्कड मिळते. जोडी एकाच कंपनीची घ्या, आणि चालू उन्हात लोड असताना कनेक्टर ओढू नका. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही, ठिणगी ताणली जाते आणि बोटं भाजतात. याच कारणाने घरातला साधा एसी एमसीबी तिथे चालत नाही. डीसीचाच, स्ट्रिंगच्या (सीरिजमधल्या पॅनेलांच्या रांगेच्या) थंडीतल्या व्होल्टेजला पुरेल असा आयसोलेटर, म्हणजे लाइन तोडणारा स्विच, बसवा. आधी तो बंद करा, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट दाखवणाऱ्या) शून्य दिसू द्या, मग जोड उघडा.