तिकडे घ्यायला कोण येणार?

रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच्या माणसांपर्यंत कसं पोहोचवायचं, याबद्दल गेल्या दीड महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. मी बेघर निवाऱ्यात बावीस वर्षं काम करते. वकील नाही, डॉक्टर नाही, त्यामुळे जे सांगते ते सोडायला गेलेल्या बाईच्या अनुभवातून. आमच्याकडे या कामाला ‘सोडायला जाणं’ असंच म्हणतात. माणसांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरच्या बसथांब्यावर साठीतले एक गृहस्थ चार महिने झोपत आहेत. परभणीकडचे आहेत, बोलणं व्यवस्थित, कुणाला त्रास नाही. आम्ही वर्गणी काढून त्यांना देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढून देणार आहोत. योग्य ना? (ठाणे)

थोडं थांबा. चार महिने मुंबईत काढलेल्या शहाण्या माणसाला परभणीची गाडी कुठून सुटते हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. अडचण तिकिटाची असती तर ते एव्हाना गेले असते. अडलंय दुसरीकडे, आणि ते ‘दुसरीकडे’ काय आहे हे कळेपर्यंत वर्गणी पेटीतच राहू द्या.

आधी त्यांच्याबरोबर चहा प्या. ‘घर का सोडलंत?’ हा पहिला प्रश्न नकोच. त्याचं उत्तर खोटं मिळतं आणि पुढचं बोलणंही बंद होतं. मी बाजाराचा वार विचारते. जत्रा कुठल्या देवाची, दळण कुठून आणायचे, गावाला एसटी कुठून मिळते, असं. बोलीकडे कान असू द्या. बोलण्यात ‘शे’ आलं तर धुळे-जळगाव-नंदुरबारकडे बघायचं, ‘खंय’ आलं तर सिंधुदुर्गाकडे, ‘काहून’ आलं तर वऱ्हाडाकडे. आमच्याकडे एक आजोबा होते, गावाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पाचव्या दिवशी न्हाव्याने दाढी केली, आरशात बघून ते हसले, आणि मी सहज विचारलं, ‘परभणीहून निघालं की पहिलं काय लागतं?’ कंडक्टरच्या सुरात म्हणाले, ‘झरी, बोरी, जिंतूर’. मग जरा थांबून म्हणाले, ‘आमचं बोरीला उतरून.’ तिथल्या पोलीस पाटलांचा नंबर मिळवायला आम्हाला अर्धा दिवस लागला.

पण गंमत पुढेच आहे. फोनवर मुलगा आला तर आजोबांनी फोन हातात घेतला नाही. बहीण आली तर सोडला नाही. आम्ही त्यांना बहिणीकडे सोडलं, ते गाव वेगळंच होतं. सातबाऱ्यावरचं घर आणि माणसाचं घर एकच असतं असं नाही.

तेव्हा तीन गोष्टी कळल्याशिवाय निघू नका. त्यांना स्वतःला जायचंय का? तिकडे स्टँडवर घ्यायला कोण येणार, त्याच्याशी तुम्ही स्वतः बोललात का? आणि आठव्या दिवशी, पाहुणचार संपल्यावर, ते जेवणार कुठे? रेशनकार्डावर नाव आहे की कमी केलंय, पेन्शनचं खातं चालू आहे का, हे फोनवरच विचारून घेता येतं. मुलाने हाकलून दिलं असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जावर निर्वाह भत्ता मागता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथे माहिती मिळते.

वर्गणीचं काय करायचं? एक चांगला सदरा, चपला, पिशवी, आणि बरोबर जाणाऱ्याचं परतीचं भाडं. बोरीच्या आजोबांनी निघताना एकच गोष्ट मागितली होती, नातवंडांसाठी बिस्किटांचे पुडे. नातवंडं किती आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. सहा पुडे घेतले. बरीच पुरुष मंडळी रस्त्यावर राहतात ती या लाजेपायी, की रिकाम्या हाताने वेशीत कसं शिरायचं.

प्रश्न : नाशिकमध्ये आमच्या दुकानाजवळ एक बाई फिरते. जटा झालेल्या, स्वतःशीच बोलते, कचऱ्यातलं खाते. पोलिसांना सांगितलं तर म्हणाले, हे आमचं काम नाही, एखाद्या संस्थेला कळवा. (नाशिक)

त्यांचंच काम आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम १०० वाचा. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती भटकताना दिसली तर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने तिला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. ती बेघर असेल तर मिसिंगची नोंद करायची आणि नातेवाईक शोधायचे. ‘शोधायचे’ ही कायद्याने दिलेली जबाबदारी आहे, कुणाच्या मर्जीची गोष्ट नाही.

तोंडी सांगू नका. साध्या कागदावर अर्ज करा, कलम १०० लिहा, ती कुठे आणि कधी दिसते ते लिहा, पोच घ्या. कागद पाहिल्यावर भाषा बदलते, हा माझा अनुभव. रात्री धोका वाटला तर ११२. काय करावं सुचत नसेल तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

आणि कृपा करून तिला स्वतः गाडीत घालू नका, जटा कापू नका, आंघोळ घालतानाचा व्हिडिओ काढू नका. असे व्हिडिओ हल्ली फार फिरतात. तिच्या गावात उद्या तिची मुलगी तो बघणार आहे.

उपचार झाले की पत्ता बहुतेक वेळा तिच्याच तोंडून येतो, हे लक्षात ठेवा. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा फाउंडेशनचं काम १९८८ पासून यावरच उभं आहे. सुरुवातीच्या काळात त्यांनी नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिणारा एक तरुण उचलून आणला. बरा झाल्यावर कळलं की तो पदवीधर, वडील आंध्रात जिल्हा परिषदेत अधिकारी. पुढे कर्जतला केंद्र झालं, २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचा क्रम बघा: आधी औषध, मग ओळख, मग प्रवास. आपण उलटं करायला जातो.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी घरातून गेला. गेल्या आठवड्यात दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेचा फोन आला, व्हिडिओ कॉलवर तोच होता. इकडे आम्ही त्याचं तेरावंही करून बसलोय, त्याच्या बायकोने दुसरा संसार मांडला, जमिनीवर वारस नोंद झाली. आई म्हणते आजच आणा. मला आनंद होतो आहे आणि भीतीही वाटते. मी वाईट माणूस आहे का? (लातूर जिल्हा)

नाही. हे पत्र मी तीनदा वाचलं. जे लोक फोनवर रडून ‘लगेच पाठवा’ म्हणतात त्यांच्यापेक्षा जे ‘भीती वाटते’ म्हणतात त्यांच्याकडे माणूस जास्त टिकतो, असं मी पाहिलंय. त्यांनी विचार तरी केलेला असतो.

त्याला आणण्याआधी त्याला सगळं सांगा, आणि सांगणारा माणूस तुम्हीच असा. त्याच्या बायकोचं सांगा, मुलं असतील तर ती कितवीत आहेत ते सांगा, वडील गेले असतील तर तेही. संस्थेच्या समुपदेशकाला बाजूला बसवून, दोन-तीन कॉलमध्ये. आम्ही एकदा ही चूक केली. ‘घरी गेल्यावर कळेलच’ म्हणून गप्प राहिलो. त्याने ओसरीवर पाऊल ठेवलं तर समोर भिंतीवर त्याचाच फोटो, हार घातलेला. तो माणूस त्या रात्री जेवला नाही.

फोटो काढून ठेवा.

जमिनीचं : सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो, पण माणूस जिवंत उभा राहिला की ते गृहीतक पडतं. वारस नोंदीचा फेरफार दुरुस्त करायला तहसील कार्यालयात जावं लागेल, कोर्टाचा आदेश झाला असेल तर कोर्टात. वकिलाला फी द्यायची ताकद नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. पण पहिल्या महिन्यात जमिनीचा विषय चावडीवर जाऊ देऊ नका. भावकीतले दोघे-तिघे ‘हा तो नव्हेच’ म्हणायला तयार असतात.

औषधाचं मात्र पहिल्या दिवसापासून. संस्थेकडून निदानाचा कागद आणि किमान महिन्याभराच्या गोळ्या घ्या. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथे नाव घाला. गोळ्या संपल्या आणि ‘आता तर बराय की’ म्हणून थांबवल्या, हेच तो पुन्हा निघून जाण्याचं सर्वांत नेहमीचं कारण. गोळ्यांचा डबा आईच्या हातात नको. तिला दया येते. तो तुमच्याकडे ठेवा.

आणि आणायला तुम्ही स्वतः जा. संस्थेची माणसं सोडायला येतात, पण भावाने येऊन न्यावं यात जे आहे ते वेगळं आहे.

प्रश्न : आधारवरून पत्ता काढता येत नाही का? बोटं लावली की झालं. (पुणे)

तुम्ही-आम्ही शोध म्हणून तसं बघू शकत नाही, आणि ते बरंच आहे. पण निवाऱ्यातल्या माणसाचं नवीन आधार काढायला गेलं आणि त्याची नोंद आधीच असेल, तर नवी नोंद नाकारली जाते. मग आधार प्राधिकरणाच्या कार्यालयातून जुनी नोंद सापडू शकते. २०२१ मध्ये नागपूरला एका मुलाच्या बाबतीत असंच झालं. लहानपणी हरवलेला, बोलण्यात अडचण असलेला. दहावीसाठी आधार हवं म्हणून नेला, तर जबलपूरला त्याचं आधार आधीच होतं आणि आई-वडीलही. ज्याचं आधार कधी निघालंच नाही त्याच्यासाठी मात्र बाजाराचा वारच उपयोगी.

प्रश्न : सणाआधी आमच्या शहरात फुटपाथवरची माणसं गाडीत भरून हद्दीबाहेर सोडतात. ‘गावी पाठवलं’ असं सांगतात. कायदेशीर आहे का? (नाव-गाव देऊ नये)

हद्दीबाहेर सोडणं म्हणजे गावी पाठवणं नव्हे. तो कचरा टाकण्याचा प्रकार झाला. भारतात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, पण त्यातही माणसाला न्यायालयापुढे उभं करावं लागतं. आणि फुटपाथवर झोपणं म्हणजे भीक मागणं नाही, त्यातले बरेच जण नाक्यावरचे मजूर असतात.

हा प्रयोग मुंबईने मोठ्या प्रमाणावर करून पाहिलाय. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसात, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडायचं जाहीर केलं. त्यातून सुप्रीम कोर्टात गेलेला खटला ओल्गा टेलिस नावाने प्रसिद्ध आहे. याचिकाकर्त्यांत तामिळनाडूतल्या सेलमहून १९६१ मध्ये आलेला एक मजूर होता. झोपडी पाडून त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडे राहिल्या. तो कामाच्या शोधात मुंबईला परतला आणि पुन्हा फुटपाथवरच आला. सेलमला काम नव्हतं. १९८५ च्या निकालात कोर्टाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण फुटपाथवर राहायचा हक्क काही दिला नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर लोक अर्धाच निकाल सांगतात.

तुमच्या महापालिकेला हे विचारा : राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०२४ मध्ये संपलं, पण त्याच्या निकषाप्रमाणे दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा होता. तुमच्याकडे किती आहेत? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

प्रश्न : मी लेस्टरला असते. इथे एक मराठी मुलगा, विद्यार्थी व्हिसा संपत आलेला, मित्राच्या गाडीत झोपतो. इथल्या कौन्सिलने ‘तुझं लोकल कनेक्शन नाही’ म्हटलं. म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये बेघर माणसाची जबाबदारी कोणत्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, घ्यायची हे ठरवताना त्याचं नातं कुठल्या भागाशी आहे ते बघतात : गेल्या १२ महिन्यांत ६ महिने किंवा ५ वर्षांत ३ वर्षं राहणं, नोकरी, जवळचे नातेवाईक. नसेल तर जिथे नातं आहे तिकडे पाठवतात. तिथे मारहाणीचा धोका असेल तर पाठवता येत नाही, हा नियम मला आवडतो. आपल्याकडे तो कागदावरही दिसत नाही.

पण या मुलाची अडचण वेगळी आहे. विद्यार्थी व्हिसावर सरकारी मदतीचा हक्क नसतो, म्हणून कौन्सिलचा रस्ता जवळजवळ बंद. तरी रस्त्यावर झोपणाऱ्यांची खबर द्यायच्या स्ट्रीटलिंक या सेवेला कळवा, रात्री फिरणारं पथक भेटायला येऊ शकतं. व्हिसाविषयी सल्ला नोंदणीकृत सल्लागाराचाच घ्या, देवळातल्या काकांचा नको. परत यायचं त्याने ठरवलंच तर बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीत जा. अडकलेल्या भारतीयांसाठी कल्याण निधी असतो, गरजेप्रमाणे विमानभाड्यालाही मदत होऊ शकते. पासपोर्ट हरवला असेल तर आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. आणि शिकायला जाताना कर्ज झालं असेल तर ते त्याच्या आई-वडिलांना आधी कळू दे. बहुधा तेच त्याला सांगता येत नाहीये.

प्रश्न : आम्ही एका गृहस्थांना अमरावतीजवळ त्यांच्या घरी पोहोचवलं. तीन महिन्यांनी ते पुन्हा आमच्याच स्टेशनवर. सगळं वाया गेलं. (कल्याण)

तीन महिने घरी जेवले, ते वाया कसं जाईल? आणि ते परत आले ते तुमच्याच स्टेशनवर. महाराष्ट्रात स्टेशनं काय कमी आहेत?

या वेळी घरी फोन करण्याआधी त्यांनाच विचारा, कुठल्या दिवशी बिनसलं. घरातली बाजू खरंच नसेल तर गावाजवळच भाड्याची खोली, ओळखीच्या हॉटेलात भांडी घासायचं काम, बाजारच्या दिवशी बहिणीची भेट, अशीही सोय लागते. चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था घरी परतू न शकणाऱ्या चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याचं घर करून एकत्र ठेवते. काही जणींचं घर तेच होतं.

आमचे एक काका चार वेळा परत आले. पाचव्यांदा मी सोडायला गेले तेव्हा त्यांनी बडनेऱ्याला उतरून मला म्हटलं, ‘बाई, तुम्ही इथूनच मागं फिरा, मी जातो.’ मी फलाटावर बसून राहिले. तासाभराने त्यांच्या पुतण्याचा फोन आला, काका पोचले, आणि वहिनी विचारतेय की बाई जेवल्या का.