छोट्या सीसीच्या गाडीवाल्याला स्पितीला सोबत न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरचे सात मित्र जुलैत बाईकने मनालीहून स्पितीतल्या काझाला जाणार. सहा जणांकडे ३५० किंवा त्यावरच्या गाड्या, सातव्याकडे १६० सीसी. त्याला सोबत घ्यावं, की "तू यंदा राहू दे" म्हणावं? आणि नवीन घ्यायचीच झाली तर कोणती गाडी बरी?

न्या. खुशाल न्या. आमच्या ग्रुपात तो छोट्या सीसीवाला मीच होतो, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

२०१९ चा जुलै, महिन्याचा शेवटचा आठवडा. आम्ही सहा जण. माझ्याकडे सेकंड हँड हिरो इम्पल्स. २०११ मध्ये आलेली, पुढे बंद झालेली, उंच, काटकुळी, बगळ्यासारखी गाडी. १५० सीसी, जेमतेम १३ हॉर्सपॉवर. पण वजन १३४ किलो आणि जमिनीपासून उंची २४५ मिलिमीटर. हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण शोरूममध्ये कोणी ते विचारत नाही.

लीडर होते माझे साडू. ते मोठे जावई, मी लहान. सासरी पहिलं ताट त्यांना, आंब्याच्या रसाची पहिली वाटी त्यांना, तसंच रस्त्यावर पहिली गाडी त्यांची. हे कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. त्यांची रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन नवी कोरी, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या. निघायच्या आधीच्या रविवारी सगळे तर्री पोहे खायला जमलो, तिथे त्यांनी माझ्या गाडीच्या सीटवर थाप मारली आणि म्हणाले, "लहान जावई, हे घेऊन येऊन राहिले काय तुम्ही? आम्ही काय दर घाटात तुमची वाट पाहत बसू?" सगळे हसले. मीही हसलो, सासरचं माणूस आहे. त्याच टपरीवर दोन निर्णय झाले. एक, मी हळू म्हणून मी सगळ्यात मागे. दोन, सगळी हत्यारं साडूंच्या पेटीत, कारण पेट्या त्यांच्याच गाडीला. माझं पान्यांचं पुडकंसुद्धा त्यांनी काढून घेतलं, वजन एका जागी असावं म्हणून.

आता जरा आपल्या शहराबद्दल. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, नाहीतर सदरचा उड्डाणपूल. साडूंचा सराव म्हणजे सकाळी वर्धा रोडने बुटीबोरी, तिथे चहा, आणि शंभरच्या स्पीडने परत. मी त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला दोनदा छिंदवाड्याच्या पुढे तामियाला गेलो आणि पाताळकोटात उतरलो. ओल्या मुरमावर पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक न धरता गाडी खाली नेणं म्हणजे काय, ते तिथे कळतं. तुमच्या सातही जणांना माझं सांगणं, मनालीचं तिकीट काढायच्या आधी एक शनिवार-रविवार तिथे घालवा. नाही जमलं तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट तरी पावसात चढा-उतरा. ज्याची तिथे फाटते त्याची स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीत फाटणारच, मग गाडी कितीही सीसीची असो.

साडूंनी आणि मी गाड्या रेल्वेने दिल्लीला पाठवल्या (टाकी कोरडी करून, पोत्यात शिवून, आरसीची प्रत जोडून), तिथून चालवत मनाली. बाकी चौघांनी मनालीत बुलेट ३५० भाड्याने घेतल्या. तेव्हा रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा नव्हता, तो २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. त्यामुळे रोहतांगचं परमिट काढून, रोहतांगच्या जाममधून, पलीकडे उतरून ग्राम्फू, आणि तिथून उजवीकडे स्पितीचा रस्ता. रस्ता म्हणायचा म्हणून. ग्राम्फू ते बाताल जवळपास पन्नास किलोमीटर नुसते गोटे, त्यात मधूनमधून नाले आडवे वाहतात. नदीपात्रात गाडी घातल्यासारखं वाटतं. तासाला दहा-पंधरा किलोमीटर निघाले तरी खूप. तिथे तुमची ४११ सीसी काय करणार?

आणि सीसीचंच बोलायचं तर हेही ऐका. साडेचार हजार मीटरवर हवा साठ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे सगळ्यांच्याच इंजिनांची साधारण चाळीस टक्के ताकद जाते. माझे तेरा घोडे आठवर आले, साडूंचे चोवीस चौदा-पंधरावर. पण त्यांच्या चौदा-पंधरांना १९० किलोची गाडी, दोन पेट्या आणि खुद्द साडू ओढायचे होते.

नाल्यांचं गणित सोपं असतं. वर बर्फ आहे, ते उन्हात वितळतं, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं. म्हणून मनालीतून उजाडायच्या आधी निघायचं. हे मी आदल्या रात्री सांगितलं. साडू म्हणाले, सकाळी आलू पराठे खाऊन निघू, घाई कशाला. साडेआठला निघालो. रोहतांगला फोटो. छत्रूला चहा. वाटेतला छोटा दडा मागे पडला तेव्हा तीन वाजले होते, आणि पुढच्या चार गाड्या मला दिसेनाशा होऊन अर्धा तास झाला होता.

माझ्या पुढे एकच बुलेट उरली होती, आमच्यातल्या दाताच्या डॉक्टरची. पुढे एक नाला आला, रुंदी वीसेक फूट, पाणी दुधाळ राखाडी, तळ दिसत नाही. मी ओरडलो, थांबा, आधी पायी पाहू. त्यांना ऐकू गेलं नाही. मधोमध पुढचं चाक एका गोट्यावर चढलं, हँडल वळलं, आणि बुलेट डाव्या कुशीवर आडवी झाली. इंजिन चालू असतानाच. एक घुरघुर, मग फक्त पाण्याचा आवाज.

पाण्यात उतरलो. ते पाणी थंड लागत नाही, आधी पोळतं, मग पाय आहेत की नाहीत कळत नाही. दोघांनी मिळून गाडी उभी केली, ढकलत पलीकडे काढली. डॉक्टरांनी घाबरून सेल्फ दाबला. टक्. मी त्यांचा हात धरला. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तिथे रॉड वाकला तर गाडी ट्रकात घालून मनालीला न्यावी लागते. करायचं एकच असतं, स्पार्क प्लग काढायचा, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. बुलेटचा प्लग बाहेरच दिसतो, दोन मिनिटांचं काम. फक्त प्लगचा पाना लागतो.

पाना साडूंच्या पेटीत. भाड्याच्या बुलेटचं साइड पॅनेल उघडलं तर टूलकिटच्या जागी एक चिंधी आणि बिडीचं रिकामं बंडल. फोनला रेंज नाही. माझ्या इम्पल्सवर पुढे जाऊन पाना आणता आला असता, पण ओल्या कपड्यात थरथरणाऱ्या माणसाला चार हजार मीटरच्या आसपास एकटं सोडून जायला मन होईना. माझं कोरडं जॅकेट त्यांना दिलं, मोजे काढायला लावले आणि बसलो. पुढून कोणी परत येईल म्हणून. कोणीच आलं नाही.

सव्वाचारच्या सुमारास स्पितीकडून एक टेम्पो आला, मटाराच्या पोत्यांनी भरलेला. त्या दिवसांत तिकडचा मटार खाली जातो. ड्रायव्हरने न विचारताच गाडी थांबवली, सीटखालून पाना काढला. वर म्हणाला, "आपके चार लोग बाताल में बैठे हैं, राजमा खा रहे हैं." प्लग काढला, पहिल्या किकला भोकातून पिचकारी उडाली, थेट माझ्या छातीवर. दहा-बारा किका मारल्यावर नुसती हवा फुसफुसू लागली. एअर फिल्टर काढून झटकला, कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून पाणी मिसळलेलं पेट्रोल सांडू दिलं, प्लग ड्रायव्हरच्या लायटरवर शेकला. ऑइल पाहिलं, दूध घातलेल्या चहासारखं झालं नव्हतं, म्हणजे पाणी खाली उतरलं नव्हतं. बसवून किक मारली, सातव्या की आठव्या किकेला धडधडली. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. उलट एका पोत्याचं तोंड सोडून दोन ओंजळी शेंगा दिल्या. कच्च्याच खाल्ल्या. इतके गोड मटार मी कॉटन मार्केटात कधी पाहिले नाहीत.

बातालला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. साडू ढाब्याबाहेर कमरेवर हात ठेवून उभे. "काहून एवढा वेळ? इम्पल्स बंद पडली न?" डॉक्टर काही बोलणार तर त्यांचे दात वाजत होते. दाताचे डॉक्टर असून.

म्हणून तुम्ही चुकीच्या माणसाची काळजी करताय. १६० वाला तुम्हाला अडवणार नाही, तुमच्यातला पहिल्या नंबरवाला अडवेल. सगळ्यात कमी ताकदीची गाडी दोन नंबरला ठेवा, लीडरच्या लगेच मागे, म्हणजे त्याला आरशात पाहावंच लागतं आणि वेग आपोआप बसतो. सगळ्यात शेवटी तो, ज्याला गाडी खोलता येते, आणि पाने, ट्यूब, पंप, क्लच-केबल सगळं त्याच्याकडे. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याकडे लक्ष द्यायचं. नाल्याच्या पलीकडे गेलं की मागचा पार होईपर्यंत थांबायचं, फाट्यावर मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. एवढं पाळलं असतं तर त्या दिवशी आमचा वीस मिनिटांत निकाल लागला असता. हे मी साडूंना त्याच रात्री सांगितलं. ते म्हणाले, "ग्रुप म्हटला की ज्याने त्याने आपलं सांभाळावं." मग ग्रुप कशाला म्हणतात? सहा जण एकाच दिवशी एकाच दिशेला गेले एवढंच झालं ते.

रात्रीचंही सांगतो, कारण ते यापेक्षा महत्त्वाचं आहे. मनाली दोन हजार मीटरवर, आणि आम्ही त्याच दिवशी चंद्रताल तलावाजवळच्या कॅम्पला गेलो, सव्वाचार हजारांच्या आसपास. साडूंचा प्लॅन. बँकेतला मित्र रात्रभर ओकत होता, डोकं फुटतंय म्हणत होता. सकाळी कुंझुम चढून पलीकडे लोसरला उतरलो, काझाला दोन दिवस नुसता झोपला, मग माणसात आला. तुम्हाला जमत असेल तर उलट या: शिमला, नारकंडा, कल्पा, नाको, मग काझा. दिवस जास्त लागतात पण उंची हळूहळू वाढते, आणि कुंझुम शेवटी येतो, शरीराला सवय झाल्यावर. पहिले दोन-तीन दिवस दारू नको, सावजी हॉटेलातून बांधून नेलेला रस्सा असला तरी नको.

गाडी कोणती? जी पडल्यावर एकट्याला उचलता येते ती. आज विकत घ्यायचीच असेल तर हिरोची एक्सपल्स २०० बरी, पुढचं चाक २१ इंची, गोट्यांवर बिचकत नाही. पण एका ट्रिपसाठी नवीन गाडी घेऊ नका, आहे तिला चांगले टायर घाला.

राहिलेल्या गोष्टी. तुमचा मित्र १६० वर डबलसीट जाणार असेल तर माझं वरचं सगळं बाद, कुंझुमच्या चढावर मागच्याला उतरून चालावं लागेल. माझा अनुभव बोगद्याआधीचा आहे. आता बोगद्यातून लाहौलला निघून कोकसरमार्गे ग्राम्फू गाठता येतं, रोहतांगचं परमिट लागत नाही आणि वेळही वाचतो. मनाली सोडली की काझापर्यंत पेट्रोल पंप नाही, जवळपास २०० किलोमीटर, तेही खालच्या गिअरमध्ये, तेव्हा पाच लिटर जास्तीचं घ्या. जुलैचं मला खरं तर पटत नाही. २०२३ च्या जुलैत मनालीकडे पूर आला तेव्हा चंद्रतालला अडीचशेच्या वर माणसं अडकली होती. सप्टेंबरात जा, नाल्यांना पाणी कमी असतं. आणि मी डॉक्टर नाही, उंचीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही ते आपल्या डॉक्टरला विचारा. दाताच्या नको.

आता साडूंचं. गेल्या दिवाळीत पंगतीत त्यांनी पुन्हा सगळ्यांना सांगितलं की लहान जावयाची गाडी नाल्यात बंद पडली होती आणि आपण परत जाऊन दोघांना काढलं. सासूबाई माझ्याकडे असं पाहत होत्या की मी श्रीखंड वाढून घेतलं आणि गप्प बसलो. पण माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे, २८ जुलै २०१९, संध्याकाळी ४ वाजून ५० मिनिटं. त्यात मटाराचा टेम्पो आहे, पाना हातात घेतलेला ड्रायव्हर आहे, डॉक्टर दगडावर बसून मोजे पिळताहेत, आणि मागे माझी इम्पल्स स्टँडवर उभी आहे, कोरडी. साडू कुठेच नाहीत.