पिसवा कुत्र्यावर कमी, घरात जास्त

औषध लावूनही पिसवा जात नसतील, तर औषध बदलण्याआधी कुत्र्याचं अंथरूण बघा. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा लहानसा भाग. अंडी, अळ्या आणि कोष गादीत, फटींत, सतरंजीखाली असतात. कोषातली पिसू तर कित्येक महिने दबा धरून बसते. म्हणून अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, फटी व्हॅक्यूमने साफ करा आणि औषध किमान 3 महिने सलग चालू ठेवा. एकदाच लावून 'गुण आला नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

गोचीड मात्र रोज हाताने चाचपून शोधायची: कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी, काहीही नको. पुढच्या काही आठवड्यांत ताप, मलूलपणा, फिक्या हिरड्या किंवा गडद लघवी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बेबेसिया, एर्लिकिया हे रक्ताचे आजार बहुतेकदा गोचिडीमुळेच होतात.

घरात मांजर आहे का? मग परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध आणूच नका, मांजराच्या जिवावर बेतू शकतं. आणि मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून पिल्लाला देऊ नका; डोस वजनावर ठरतो.