वाचकांचे प्रश्न : कॉलेजचे फुटबॉल आणि त्यानंतरची वर्षे

प्रश्न : माझी बहीण अनेक वर्षे अमेरिकेत स्थायिक आहे. तिच्या मुलाला तिथल्या एका विद्यापीठाने फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती देऊ केली आहे. घरात आनंद आहे. परंतु चार वर्षे खेळात जातील आणि शेवटी ना खेळ हाती राहील ना शिक्षण, अशी धास्ती मेहुण्यांना वाटते. अशा खेळाडूंचे पुढे काय होते, हे एखाद्या उदाहरणासह सांगावे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : मेहुण्यांची धास्ती अनाठायी नाही. लंबगोल चेंडूच्या या अमेरिकी फुटबॉलचे कॉलेज सामने पाहायला काही मैदानांवर लाखभर माणसे जमतात, तरी त्या खेळाडूंपैकी व्यावसायिक संघांपर्यंत, म्हणजे एनएफएलपर्यंत, शंभरात दोघेही पोहोचत नाहीत. जे पोहोचतात त्यांच्यातही अनेकांची कारकीर्द तीन-चार हंगामांत आटोपते.

उदाहरण द्यायचे तर ॲलन पेज यांचे देतो, कारण त्यांनी खेळ संपण्याची वाट न पाहता पुढच्या आयुष्याची तयारी खेळतानाच केली. 1945 साली ओहायोतील कँटन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नोत्र दाम विद्यापीठाच्या ज्या संघाने 1966 चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, त्यात ते होते. राज्यशास्त्राची पदवी घेऊन 1967 साली ते मिनेसोटा वायकिंग्ज संघात दाखल झाले आणि 1971 मध्ये एनएफएलचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. तोवर हा मान बचावफळीतील कोणालाही मिळाला नव्हता.

कायद्याच्या अभ्यासाचा त्यांचा पहिला प्रयत्न मात्र काही आठवड्यांतच फसला होता. पुढे खेळाडूंच्या संघटनेचे प्रतिनिधी म्हणून मालकांशी वाटाघाटी करण्याचा अनुभव गाठीशी आल्यावर, 1975 साली त्यांनी पुन्हा, या वेळी मिनेसोटा विद्यापीठात, प्रवेश घेतला आणि व्यावसायिक सामने खेळत असतानाच 1978 मध्ये कायद्याची पदवी मिळवली. त्याच वर्षी संघाने त्यांना काढून टाकले. लांब पल्ल्याच्या धावण्याची गोडी लागल्याने त्यांचे वजन उतरले होते आणि धिप्पाड गड्यांच्या त्या जागेला ते आता पुरे पडत नाहीत, असे प्रशिक्षकांचे मत झाले. (त्यानंतर शिकागो बेअर्सकडून ते 1981 पर्यंत खेळले, तेव्हा त्या मताला किती वजन द्यायचे ते वाचकांनी ठरवावे.) शिकागोकडून खेळत असताना, हंगाम नसे त्या महिन्यांत, ते मिनियापोलिसमधील एका विधिसंस्थेत कामगारविषयक प्रकरणे पाहू लागले होते. त्यामुळे निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उरलाच नाही.

नंतर राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात काही वर्षे काम करून त्यांनी मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवण्याचे ठरवले. तिथे न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. विद्यमान न्यायाधीशाची मुदत वाढवून निवडणूकच टाळली जात आहे असे दिसताच ते न्यायालयात गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि 1992 साली ते निवडून आले. त्या न्यायालयातील ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश होत. सत्तराव्या वर्षी निवृत्त होण्याच्या नियमानुसार 2015 मध्ये ते पायउतार झाले. दरम्यान 1988 साली कँटनच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंत खेळाडूंच्या सन्मानदालनात, त्यांचा समावेश झाला, तेव्हा परिचय करून देण्यासाठी त्यांनी एखाद्या प्रशिक्षकाला न बोलावता एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले. याच वास्तूच्या बांधकामावर त्यांनी तरुणपणी मजुरी केली होती. 1988 मध्येच पत्नीसह स्थापन केलेल्या त्यांच्या प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्याहून लहान मुलांच्या अभ्यासासाठी वेळ द्यावा लागतो.

प्रत्येक खेळाडू पेज होत नाही, हे उघड आहे. शिवाय काळही बदलला आहे. 1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली आहे. या पैशाच्या ओढीने मुले वारंवार विद्यापीठ बदलू लागली, तर पदवी लांबण्याचा धोका आहे. म्हणून आपल्या मेहुण्यांनी होकार कळवण्याआधी विद्यापीठाकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : गुडघा किंवा डोके दुखावून खेळ थांबला तरी शिष्यवृत्ती चालू राहील का, ती एका वर्षाची आहे की पदवी पूर्ण होईपर्यंतची, आणि सरावाच्या वेळांमुळे मुलाला हवा तो विषय घेता येईल की नाही. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संघाच्या प्रशिक्षकाकडून न घेता त्या विषयाच्या विभागाकडून घ्यावे.