निवेदकाची आठवणच चुकीची निघते, ही वाचकाची फसवणूक नाही का?

कादंबरीभर ज्याच्यावर विश्वास ठेवला तो निवेदक शेवटी चुकीचं आठवत होता असं निघालं की फसवल्यासारखं वाटतं, लेखक असं मुद्दाम का करतात आणि अशी एखादी चांगली कादंबरी कोणती, असं तुम्ही विचारलंय. 'फसवणूक' वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. आमच्या घरात हा शब्द दहा वर्षांपासून फिरतोय.

फसवणूक नाही. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. चुकीचं आठवणाऱ्याला नसतं, तो देवाची शपथ घेऊन सांगेल.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. घर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मला स्वच्छ दिसतं: मी वरच्या गॅलरीत कठड्याला धरून उभी आहे, खाली गढूळ पाणी, आणि त्यावरून एक लाकडी देव्हारा गोल गोल फिरत चाललाय, आत देव जागच्या जागी. दादा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याची आठवण अशी की बाबांबरोबर तो मर्फीचा रेडिओ डोक्यावर घेऊन पर्वतीकडे पळाला. आणि दर १२ जुलैला तो मला ऐकवायचा, 'तू नव्हतीसच तिथे. तू आईबरोबर साताऱ्याला होतीस.' यावरून मी रडलेय, चांगली कॉलेजात जाणारी घोडी असताना.

२०१४ला साताऱ्याचं मामाचं घर विकायला काढलं. माळ्यावर तारेत ओवलेली जुनी पत्रं निघाली. त्यात बाबांनी आजीला पाठवलेलं १७ जुलैचं कार्ड. 'घरात कमरेइतका गाळ आहे. रेडिओ गेला. दोन्ही मुलांस इतक्यात पाठवू नये.' आणि खाली, जागा संपत आली म्हणून आडवं लिहिलेलं, 'बाळबाळंतीण सुखरूप असतील.'

म्हणजे मी नव्हते, हे दादाचं खरं. पण दादाही नव्हता!

आमचा धाकटा, नंद्या, त्याच वर्षी २८ जूनला साताऱ्यात झाला. आई बाळंतपणाला माहेरी गेलेली, आम्हाला घेऊन. दर वर्षी २८ जूनला नंद्याचा वाढदिवस व्हायचा, १२ जुलैला पुराची गोष्ट व्हायची, मध्ये जेमतेम दोन आठवडे. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात असं पन्नास वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. देव्हारा समोरच्या काकूंचा होता. त्या दर वर्षी सांगायच्या, अगदी हात फिरवून. मी ऐकता ऐकता कधीतरी कठड्याशी जाऊन उभी राहिले. गंमत म्हणजे कार्ड वाचूनही देव्हारा गेलेला नाही, आत्ता लिहितानासुद्धा फिरतोय.

दादा मात्र हटत नाही. रेडिओ गेला म्हणजे पाणी लागून बंद पडला. दोन्ही मुलं म्हणजे मी आणि नंद्या. तो स्वतः शाळा होती म्हणून बाबांजवळ राहिला होता. मला म्हणाला, 'तू माझी फसवणूक झाली असं सगळ्यांना सांगत फिरतेस.'

उल्रिक नाइसर हे अमेरिकेतले स्मृतीवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी आपण कशी ऐकली हे त्यांना पक्कं आठवत होतं: रेडिओवर बेसबॉलचा सामना लागलाय, मध्येच तो थांबवून बातमी सांगितली. अनेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की हल्ला ७ डिसेंबर १९४१चा, आणि डिसेंबरात बेसबॉल नसतोच. ज्याचा धंदाच स्मृतीचा त्याची ही गत, तर आम्हाला नंद्याचा वाढदिवस दिसला नाही यात नवल काय.

आता तुमची कादंबरी. काझुओ इशिगुरोची १९८९ची 'द रिमेन्स ऑफ द डे' घ्या. निवेदक स्टीव्हन्स हा इंग्लंडमधल्या एका मोठ्या घरातला बटलर. त्याला आठवतं की तो मिस केंटनच्या बंद दाराबाहेर उभा आहे आणि ती आत रडतेय अशी त्याची खात्री आहे. तिची मावशी वारली तेव्हाचं हे, असं तो सांगतो. बऱ्याच पानांनी म्हणतो, माझा घोटाळा झाला असावा, ती संध्याकाळ वेगळी. कोणती? तर तिनं दुसऱ्या माणसाचं लग्नाचं मागणं स्वीकारल्याचं त्याला सांगितलं, ती. दार तेच, रडणं तेच, फक्त तारीख सरकलेली. मावशीच्या मरणावर रडणारी बाई दाराआड असली की बाहेरच्या माणसाकडे काही दोष येत नाही. दुसऱ्या तारखेला येतो. लेखकानं लपवलं काहीच नाही, दोन्ही तारखा पुस्तकात आहेत. आपणच नंद्याचा वाढदिवस बघत नाही.

त्याच्याच पहिल्या कादंबरीत, १९८२च्या 'अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स'मध्ये, शेवटाजवळ एका वाक्यात एका मुलीच्या जागी दुसरीचं नाव येतं आणि मागचं सगळं हलतं. मी ते वाक्य पहिल्यांदा तसंच वाचून पुढे गेले होते. ज्युलियन बार्न्सची २०११ची 'द सेन्स ऑफ अ‍ॅन एंडिंग' लहान आहे, दोन बैठकींत होते. तिच्यात म्हाताऱ्या निवेदकापुढे त्याचं स्वतःचंच तरुणपणीचं पत्र येतं, आणि ते त्याला आठवत होतं त्याहून कितीतरी विखारी असतं. ही मी २०१४नंतर वाचली आणि दादाला वाढदिवसाला दिली. तो म्हणाला, 'संथ आहे.'

आपल्याकडे आत्मचरित्रांत साठ वर्षांपूर्वीचे संवाद अवतरणचिन्हांत, शब्दन् शब्द छापतात आणि आपण ते खरे धरून वाचतो. फसवणूक म्हणायचीच तर तिला म्हणा.

एक सांगायचं राहिलं. नाइसरांची गोष्ट तिथेच संपत नाही. नंतर इतर संशोधकांनी दाखवलं की त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फुटबॉलचा सामना होता, आणि दोन्ही संघांची नावं होती जायंट्स आणि डॉजर्स, म्हणजे बेसबॉलच्या संघांचीच. तेव्हा आठवण अगदीच हवेतली नसावी, खेळ तेवढा बदलला. दादानंही कोणाचा तरी रेडिओ कधीतरी डोक्यावर घेतला असेल, एवढं मी मानते. आणि ही पुस्तकं घरच्या भांडणात पुरावा म्हणून वापरू नका, उपयोग होत नाही.

दादा, नंद्याच्या सुनेनं तुला हे पाठवलं असेलच, तर कार्ड पुन्हा काढ आणि आडवी ओळ बघ. बाळाचं बाबांनी वेगळं लिहिलंय.