वाचकांचे प्रश्न: प्रार्थना जमेनाशी झाली तर

प्रश्न: सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळून आहेत. मी हडपसरला नोकरी करते, रात्री त्यांची कूस बदलायला दोनदा उठते. रविवारची उपासना चुकते, बायबल उघडलं की डोळे मिटतात. मंडळीतले (चर्चमधले) म्हणतात, विश्वास कमी पडतोय. खरंच तसं आहे का?
– एक भगिनी, वडगाव शेरी

उत्तर: नाही, ताई. कमी पडतेय ती झोप. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ सावकाश वाचा. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, झोपतो, उठून पुन्हा खातो. होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. मंडळीतल्या त्या लोकांनीही हा क्रम पाहावा.

तेव्हा आधी झोप. आठवड्यातल्या निदान दोन रात्री उठण्याची पाळी नवऱ्याकडे द्या. आई त्यांची आहे.

प्रार्थना रात्री ठेवू नका, तिथेच घोळ होतो. अकरा वाजता तासभर बसण्याचा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो, मग अपराधी वाटतं, मग बायबलकडे पाहायचीही भीती वाटते. त्यापेक्षा सकाळी चहा उकळेपर्यंत स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहाच वचनं, मिनिटभराचं काम. त्यात ‘कोठवर’ हा प्रश्न देवाला चार वेळा विचारलाय, म्हणून तक्रार करायला लाजू नका. आठवडाभर तेच स्तोत्र चालेल. वर्षात बायबल पूर्ण करण्याचा तक्ता भिंतीवर असेल तर काढून ठेवा. चुकलेले अध्याय भरून काढू नका. थकलेल्याला थकबाकी आणखी दमवते.

मदत मागताना नेमकी मागा. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा त्याला बसायला दगड दिला, आणि अहरोन व हूर यांनी दोन बाजूंनी हात धरले (निर्गम १७). ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हटलं की लोक मान डोलावून घरी जातात. ‘येत्या रविवारी नऊ ते बारा आईंजवळ बसाल का?’ असं एकाच बाईंना विचारा. पाळकांना फोन करून प्रभुभोजन (भाकर व द्राक्षरसाचा विधी) घरी आणायला सांगा. ती काही मेहेरबानी नव्हे. पंडिता रमाबाईंचा दाखला प्रवचनात एकटीने झुंजणारी बाई म्हणून दिला जातो. प्रत्यक्षात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलगी मनोरमाबाई आणि इतर कितीतरी जणी त्यांच्यासोबत काम वाटून घेत होत्या.

झोप मिळूनही दोन आठवडे काहीच नकोसं वाटलं, तर डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार आले तर तेवढंही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

प्रश्न: शब्दच सुचत नाहीत. पाठ असलेली प्रार्थना म्हटली तर चालेल का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: चालेल. ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकवा’ असं एक शिष्य म्हणाला, तेव्हा येशूने पाठ होईल एवढीच छोटी प्रार्थना दिली (लूक ११). ती भराभर उरकली जात असेल तर एकाच ओळीवर थांबा. दमलेल्या दिवशी रोजच्या भाकरीची ओळ पुरते.