शिश्नमण्याच्या कडेवर बारीक पुटकुळ्यांची रांग दिसते, हा गुप्तरोग आहे का? कोणते मलम लावावे?

आपण लिहिले आहे की आपले वय २४ आहे, शिश्नमण्याच्या मागच्या कडेने पांढुरक्या पुटकुळ्यांची रांग दिसते, ती दुखत नाही की खाजत नाही, शरीरसंबंध कधी आलेला नाही, आणि लग्न ठरले असल्यामुळे तोपर्यंत हे गेलेले हवे आहे. मी तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतो. बाकीची गिऱ्हाइके जाईपर्यंत एका बाजूला थांबून, खालच्या आवाजात हाच प्रश्न विचारणारे तरुण माझ्याकडे नेहमी येतात. त्यांना सांगतो तेच आपल्याला सांगतो: कोणतेही मलम लावू नका.

आपले वर्णन पर्ली पेनाइल पॅप्युल्सशी जुळते. एक-दोन मिलिमीटरचे, सारख्या आकाराचे, एकमेकांना खेटून एका किंवा दोन-तीन ओळींत बसलेले हे उंचवटे तंतुमय ऊती आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या यांचे असतात. त्यांत पू नसतो, विषाणू नसतो, ते कोणाकडून लागत नाहीत आणि कोणाला लागतही नाहीत. वयात आल्यानंतर ते दिसू लागतात आणि वय वाढेल तसे पुष्कळांच्या बाबतीत पुसट होतात. निरनिराळ्या पाहण्यांत १४ ते ४८ टक्के पुरुषांमध्ये ते आढळले आहेत. सुंता न झालेल्यांत अधिक. अस्वच्छतेशी किंवा हस्तमैथुनाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही, आणि साबणाने घासून ते जात नाहीत, उलट कातडी सोलवटते.

एवढ्यावर मी थांबलो असतो, परंतु हे प्रकरण आमच्या घरात घडलेले आहे. माझ्या मामेभावाचे लग्न ठरले, कार्यालयाची अनामत भरून झाली आणि त्याच सुमारास त्याला हे उंचवटे दिसले. मी औषधांच्या व्यवसायात असूनही तो माझ्याकडे आला नाही, कारण माझ्या दुकानात त्याच्या वडिलांची रोजची ऊठबस होती. भिंतीवरची जाहिरात वाचून तो एसटी स्थानकाजवळच्या लॉजवर ठराविक वारी येणाऱ्या एका इसमाकडे गेला. त्या इसमाने नीट तपासलेही नाही. जुना गुप्तरोग आहे, संसार होणार नाही, असे सांगून त्याने चूर्णाच्या पुड्या आणि चामखीळ जाळायचे पातळ औषध दिले. ते औषध तळपायाच्या जाड कातडीवर लावायचे, आणि या मुलाने ते रात्री कापसाच्या बोळ्याने शिश्नमण्याच्या कडेला लावले. सकाळी तेथील त्वचा पांढरी पडून सुटली होती, लघवीचा थेंब लागला तरी तो भिंत धरून उभा राहत होता, आणि मग घरात कळायचे ते कळलेच.

मामांनी त्याला जखमेविषयी एक शब्द विचारला नाही. पुण्याच्या नोकरीत तू कोणाच्या संगतीत होतास, एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. लग्न पुढे ढकलले. मी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्यांनी औषध न लागलेल्या भागावर डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग, ठेवला आणि त्यातून त्यालाच पाहायला लावले: एकसारखे गुलाबीसर पांढरे दाणे आणि प्रत्येकाच्या मध्यभागी एक बारीक लाल रक्तवाहिनी. चामखीळ अशी रांगेत बसत नाही, ती वेडीवाकडी वाढते, हे डॉक्टरांनी तेथेच समजावले. निदान काही मिनिटांत झाले; भाजलेली त्वचा भरून यायला मात्र पुष्कळ काळ गेला.

केसपेपर वाचूनही मामांचे म्हणणे कायम राहिले: काही केले नसेल तर लपवले कशाला? मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो की लपवले ते तुम्ही हेच विचाराल म्हणून. ज्या घरात कमरेखालचे दुखणे म्हटले की आधी चारित्र्याची झडती होते, त्या घरातला मुलगा लॉजवरच्या माणसाकडेच जाणार. आणि खरोखर संसर्ग असता, तरीही त्याला औषधच लागले असते. गुप्तांगावरील बहुतेक चामखिळी एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात. संसर्गानंतर त्या उठायला आठवडे किंवा महिने लागतात, आणि पती-पत्नीतही एकाकडून दुसऱ्याला हा विषाणू जातो. अंगावर काय उठले यावरून माणूस कसा आहे हे ठरवणे मला मुळातच मान्य नाही. गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्याने बंदी आहे. त्या भिंती रंगतात त्या अशा मौनाच्या जोरावर.

माझ्या व्यवसायबंधूंनाही मी दोष देतो. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय हातात ठेवणे हा अपराध आहे. त्या भागाची त्वचा नाजूक असते, स्टिरॉइडने ती पातळ होते, आणि जे उंचवटे रोगच नाहीत ते त्याने जाणारही नाहीत.

अर्थात, मी डॉक्टर नाही आणि मी आपल्याला तपासलेले नाही. दांड्यावर किंवा वृषणकोशावर पिवळसर ठिपके असतील तर त्या बहुधा तेलग्रंथी, म्हणजे फोर्डाइस स्पॉट्स, असतात, त्याही निरुपद्रवी. परंतु उंचवटा फुलकोबीसारखा वाढत असेल, दाण्याच्या मध्यभागी खळगा असेल, व्रण झाला असेल, रात्री खाज सुटत असेल किंवा स्राव येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. खर्चाची अडचण असल्यास सरकारी रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात किंवा सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक संसर्गांसाठीच्या सरकारी दवाखान्यात, जावे. तेथे समुपदेशकही असतात.

लग्नापूर्वी ते जातील का, या प्रश्नाचे उत्तर असे की आपोआप इतक्या लवकर जाणार नाहीत. कार्बन डायऑक्साइड लेझरने काढता येतात, परंतु निरोगी त्वचेवर मुद्दाम जखम करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. मनात शंका राहणार असेल तर एकदा तपासून घेऊन डॉक्टरांचे निदान केसपेपरवर लिहून घ्या आणि होणाऱ्या पत्नीला ते स्वतः सांगा. माझ्या मामेभावाने तसेच केले, आणि मामा ज्या लग्नाला नाही म्हणत होते ते तिच्याच आग्रहाने झाले.